खांद्यापुढची गाठ

बीड जिल्ह्यात आठवडाभर फिरून आले म्हटलं की पुण्यातले लोक आधी कपाळाला आठ्या घालतात आणि मग विचारतात, "तिकडं बघण्यासारखं काय आहे?" या प्रश्नाचं उत्तर देऊन देऊन माझं तोंड दुखायला लागलंय, म्हणून एकदाच लिहून टाकते. ज्यांना लेणी आणि धबधबे हवे असतील त्यांनी पान उलटावं. मी गोचीड शोधायला गेले होते.

खोटं नाही सांगत, माझं कामच ते. गाईला गोचीड चावते, तिच्या लाळेतून थायलेरिया नावाचा परजीवी गाईच्या अंगात उतरतो आणि पांढऱ्या पेशीत घर करतो. दुसरे कितीतरी परजीवी पेशीत शिरले की स्वतःभोवती पिशवी करून लपून बसतात. हा बेटा पिशवी टाकून देतो आणि राजरोस उघडा बसतो. वर आपली प्रथिनं पेशीच्या केंद्रकात पाठवतो. केंद्रक म्हणजे जिथून सगळे हुकूम सुटतात ती जागा. तिच्या आवरणाला दारं आहेत, दारातून आत नेणारी पेशीचीच वाहक प्रथिनं आहेत, आणि ओळखीची खूण पटल्याशिवाय ती मोठ्या ऐवजाला आत नेत नाहीत. या लबाडाच्या प्रथिनांवर नेमकी तीच खूण असते. एकदा आत गेली की पेशी वाढत सुटतात, थांबायचं नावच घेत नाहीत. गाईच्या गाठी सुजतात, ताप चढतो, आणि संकरित गाय असेल तर बघता बघता आडवी होते. कोणतं प्रथिन कुणाचा हात धरून आत जातं, हे शोधण्यात माझी उमेदीची वर्षं चाललीत.

प्रयोगशाळेतले आमचे सर म्हणाले, "बाहेरच्या देशातून गोठवलेल्या पेशी मिळतात की! त्यावर काम कर. बीडला कशाला तडफडतेस?"

मी म्हटलं, "सर, त्या पेशी ज्या गाईच्या आहेत तिनं आपला कडबा कधी हुंगलासुद्धा नाही. आपल्या गाई ज्यानं मरतात, तो मला आपल्याच गोठ्यातून हवाय."

सर हसले. त्यांचं ते हसणं मला मुळीच सहन होत नाही. त्याच आठवड्यात मी एसटीत बसले.

पाटोदा

पाटोद्याला उतरल्या उतरल्या भूक लागली आणि हॉटेलात सुशीला मिळाली. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचे पोहे. मी मिरजेकडची, आमच्याकडं मुरमुऱ्याचं भडंग होतं आणि ते कुरकुरीतच असावं लागतं. मुरमुरे मुद्दाम मऊ करून खायचे ही कल्पनाच मला पाप वाटली. पहिला घास हट्टानं घेतला, दुसरी बशी स्वखुशीनं मागवली. मिरजेच्या लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

इथल्या गुरांच्या डॉक्टरांशी माझी फोनवरून ओळख होती. साठीला टेकलेला, सडसडीत माणूस, मिशा पिळदार, बोलणं रोखठोक. दिवसभर बाजारात आलेल्या गाईंच्या कानामागून आणि कासेजवळून आम्ही गोचीड वेचत होतो आणि भोवती माणसांचा गराडा.

"ह्ये कावून न्यायलाव म्याडम? पुन्याला गोचीड न्हाईत का?"

"पुण्याच्या गोचिडांना अक्कल नाही," मी म्हटलं. सगळे खो खो हसले.

संध्याकाळी चहा पिताना डॉक्टर म्हणाले, "गोचीड मिळतील तुमाला पोत्यानं. पन तुमाला पायजे आजारी गाईची गाठ, औषध द्यायच्या आधी. ती मिळायची न्हाई."

"का?"

"लोक आधी डाग देतेत, मंग माज्याकडं येतेत."

खांद्यापुढं गाठ सुजली की विळा लालबुंद तापवून तिच्यावर टेकवायचा, म्हणजे डाग. डाग देणारा माणूस पैसे घेत नाही, नारळ घेतो. तो पुण्यवान माणूस समजला जातो. कातडं जळतं, गाय हंबरते, आत परजीवीला याचा पत्ताही नसतो. ऐकून माझं डोकं फिरलं. डॉक्टर मात्र शांतपणे बशीत चहा ओतत होते.

"चिडून काय करता बाई? त्येंच्या डोळ्यांदेखत गाय मरायली. कायतर कराया पायजेच न्हवं त्येंनी?" ते म्हणाले. "औषध हाय माज्याकडं, फ्रीजमधी ठिवलंय. पन लौकर टोचलं तर गुन येतो. गाय आडवी झाल्यावर मी बी हात जोडतो."

गेवराई

पुढच्या प्रवासाला सलीमभाईंची जीप होती. सलीमभाई गेवराईचे, गॅरेजवाले. त्यांच्या जीपचा प्रत्येक भाग वेगळ्या जीपचा होता आणि याचा त्यांना भयंकर अभिमान. हायवेला वाळूच्या हायवा ट्रकांच्या मागं लागलो की खिडकीतून डोकं काढून ओरडायचे, "सरक की बे! रोड तुज्या सासऱ्याचा हाय का?" आणि लगेच मागं वळून, "माफ करा म्याडम, तो आयकतच न्हाई."

त्यांच्या घरी सकाळच्या न्याहारीला खिचडी आणि खट्टा होता. तीळ-शेंगदाणे आणि चिंचेचं ते पातळ, आंबट, झणझणीत प्रकरण गरम खिचडीवर ओतायचं. आमच्याकडं खिचडी म्हणजे आजारी माणसाचं जेवण, पाहुण्याला वाढली तर तो रागावून जाईल. इथं मी तिसऱ्यांदा वाढून घेतली तेव्हा सलीमभाईंच्या अम्मी म्हणाल्या, "खावा बेटा, लई वाळलाव." माझं वजन पाहता हे वाक्य मी जन्मभर जपून ठेवणार आहे.

हात धुतले आणि पाटोद्याच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांना धारूरहून एका बाईचा फोन होता, गाय कालपासून खाईना, अंग भाजतंय. "अजून डाग दिलेला न्हाई. तिनं देऊ दिला न्हाई. गाठ बघा आन् मला सांगा, मी येतो. पन लौकर."

धारूर

बालाघाटाचा डोंगर चढताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना सीताफळाची झाडं. किल्ल्याची भिंत डोंगरावर दिसली. किल्ला बघायचा राहिला, हे आधीच सांगून टाकते.

ती फोनवाली बाई, गिरिजा, गोठ्याच्या दारातच उभी होती. तिशीची, ठेंगणी, गळ्यात इष्टलिंग, पदर कमरेला घट्ट खोचलेला. नवरा चाकणला कंपनीत. सासरे, आप्पा, बाजारात किराणा दुकान चालवतात. गोठा मात्र तिचा. शिवणकामाच्या पैशावर पहिली गाय तिनं स्वतः घेतली होती. ती गेल्या साली याच तापानं मेली. आता उरली चांदी, काळीपांढरी, दूध देणारी, आणि तिची कालवड.

चांदी मान खाली घालून उभी होती. खांद्यापुढची गाठ नारळाएवढी. मी हात लावला तर चटका बसावा इतकी गरम.

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांची मोटारसायकल नेमकी दुरुस्तीला. धारूरला आणि केजला औषध मिळेना. सलीमभाईंनी विचारलंसुद्धा नाही, किल्ली फिरवली. "डॉक्टरला औषधासकट उचलून आनतो म्याडम. फिकर करू नका." आणि जीप धुरळा उडवत पाटोद्याकडं गेली.

आता वाट बघणं आलं. गिरिजानं भाकरी आणि भाजक्या डाळी-मसाल्याच्या पिठाची येसर आमटी वाढली. स्वतः घास घेईना.

"ही बी गेली ना ताई, तर गोठा बंद," ती म्हणाली. "आप्पांनी सांगितलंय. कालवड विकायची आन् मी दुकानात बसायचं, साखरंच्या पुड्या बांधत."

"तुला नाही बसायचं?"

"मी कावून बसू? चार गावच्या बाया माजं बघून गाई घ्यायल्यात. मीच हरले तर त्येंच्या घरची मानसं काय म्हनतील?"

मी तिला फोनवर आमच्या पेशींची चित्रं दाखवली. गोल पेशी, मध्ये निळं केंद्रक, केंद्रकात हिरवे ठिपके.

"हिरवं कोन हाय?"

"त्या किड्यानं पाठवलेली प्रथिनं. पेशी म्हणजे घर समज. निळं आहे ते देवघर. हिरवं देवघरात जाऊन बसतं आणि तिथनं हुकूम सोडतं. घराला वाटतं, देवच बोलतोय."

तिनं बोटानं चित्र मोठं केलं. "देवघरात कुनी कसं शिरू दिलं?"

"घरातलंच कुणीतरी हात धरून नेतं. ओळखीचं समजून."

"घरातलंच," ती म्हणाली आणि तिची नजर दाराकडं गेली. दारात आप्पा उभे होते. मागं एक म्हातारा, हातात विळा.

मी उठले. आप्पा सज्जन माणूस, मला हात जोडून नमस्कार केला, पाणी मिळालं का विचारलं. मग गोठ्याच्या कडेला तीन दगड मांडून गोवऱ्या पेटवल्या. म्हाताऱ्यानं विळ्याचं पातं विस्तवात सरकवलं.

"आप्पा, डॉक्टर निघालेत," मी म्हटलं. "थोडा वेळ थांबा. त्या गाठीतच सुई घालायची आहे. जळली तर मला काही मिळणार नाही, आणि गाईला तर नुसती आगच मिळेल."

"ताई, तुमी शिकलेल्या हाव. पन माज्या बापानं डाग देऊन बैल वाचवलेले म्या बघितलेत. वाट बघत बसलाव आन् गाय गेली, तर पाप कुनाला?"

"आणि डाग देऊन गेली तर?"

"तर कायतरी केलं असं तरी म्हनता येतंय."

माझा संताप आणखी वाढला. मी सरळ गाईच्या आणि विस्तवाच्या मध्ये जाऊन उभी राहिले. पाहुणी बाई आडवी आली म्हटल्यावर म्हातारा गोंधळला. विळा लाल झाला होता. त्यानं तो बाहेर काढला आणि आप्पांकडं बघितलं.

"पेटवलेला इस्तू मोकळा जाऊ देत न्हाईत," आप्पा म्हणाले. "डागासाठी पेटवला की डाग द्यावाच लागतो. न्हाईतर गोठ्यावर येतं."

गिरिजा इतका वेळ चांदीच्या मानेला टेकून उभी होती. ती पुढं आली. म्हाताऱ्याच्या हातातून तिनं विळा घेतला, अगदी अदबीनं, दोन्ही हातांनी मुठीला धरून. मला वाटलं, हिनं हात टेकले, आता हीच डाग देणार. मी "गिरिजा!" म्हणून ओरडले. तिनं वळून दावणीच्या लाकडी खुंट्यावर विळा टेकवला आणि दाबून धरला. चर्रकन आवाज झाला, धूर निघाला. तिनं आणखी दाबला.

"दिला डाग," ती म्हणाली. "इस्तू मोकळा गेला न्हाई. काका, नारळ घेऊन जावा."

आणि तिनं खरंच आतून नारळ आणून म्हाताऱ्याच्या हातात ठेवला, वाकून पाया पडली. म्हाताऱ्यानं नारळ घेतला आणि विळा पाण्यात बुडवून निघून गेला. आप्पा खुंट्यावरच्या काळ्या रेघेकडं बघत होते. मग तेही दुकानाकडं गेले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या नाहीत, कारण गिरिजा परत चांदीच्या मानेला टेकून उभी राहिली होती.

उन्हं कलताना जीप आली. डॉक्टर मिशीवरचा धुरळा झटकत उतरले आणि म्हणाले, "ह्या मानसाच्या गाडीत पुन्ना बसलो तर नाव बदलीन." मग चांदीकडं बघितलं आणि पिशवी उघडत सरळ गोठ्यात शिरले.

आधी सुई. गाठीतून त्यांनी नमुना काढून माझ्या नळ्यांत भरला. इतक्यात सरांचा फोन.

"गाठ मिळाली? शाब्बास! आता ऐक. औषध लगेच देऊ नकोस. तीन दिवस रोज नमुना घे. रोग चढत जाताना केंद्रकातलं प्रथिन कसं वाढत जातं, ते अख्ख्या गाईत कोण बघणार आहे पुन्हा? नशीबवान आहेस."

ते शास्त्र म्हणून चूक नव्हतं. म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"सर, औषध आत्ता जाणार आहे."

"भावनेच्या भरात संधी घालवू नकोस."

"संधी नाही सर, गाय आहे. उभी आहे माझ्यासमोर, आणि तिची मालकीण पण. तुम्हाला तीन दिवसांचे नमुने हवे असतील तर एसटी आहे, या आणि तुम्हीच तिला सांगा." आणि मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा सरांचा फोन मी आधी ठेवला, आणि फार बरं वाटलं.

डॉक्टरांनी मानेच्या स्नायूत इंजेक्शन दिलं. मग कालवडीची गाठ चाचपली. सुपारीएवढी आली होती, ताप नुकता सुरू झालेला. तिलाही टोचलं. कोपऱ्यात हात पुसत ते मला हळूच म्हणाले, "कालवडीचं भ्या न्हाई. मोठीला उशीर झाला बाई. आता तिचं नशीब."

सकाळी

रात्री आम्ही सगळे धारूरलाच राहिलो. चांदी सकाळी गेली. पाय ताणून पडली होती, डोळे उघडे. मी गोठ्यात पोचले तेव्हा गिरिजा तिच्या डोक्याशी बसलेली आणि आप्पा उभे.

"डाग दिला असता तर..." आप्पा एवढंच म्हणाले.

गिरिजा फटकन उठली. "गेल्या साली दिलता की डाग! दोन्ही खांद्यांला दिलता! जळक्या कातड्याला माशा बसत होत्या, मी हाकलत होते, ती मरंपत्तोर हाकलत होते. ती कशानं मेली मंग आप्पा? सांगा की!" तिचा आवाज फाटला. "ही तरी धड अंगानं गेली."

मी रडले. शास्त्रज्ञ बाईनं गोठ्यात उभं राहून हुंदके द्यावेत हे बरं दिसत नाही, पण दिले. औषध हातात असून आम्ही हरलो होतो आणि त्याचा मला राग आला होता, अजूनही येतो.

डॉक्टर आप्पांना बाजूला घेऊन गेले. "कालवड तीन आठवडे विकायची न्हाई," ते म्हणाले. "म्या औषध टोचलंय. जगली तर तुमच्या सुनंचं आयकायचं. मेली तर म्या सोता तिला दुकानात बसायला सांगतो."

आप्पांनी होकाराची मान हलवली.

नळ्यांची पेटी मांडीवर घेऊन मी निघाले. जित्या पेशी बर्फात ठेवायच्या नसतात, अंगाच्या उबेत जपाव्या लागतात. मांजरसुंब्याच्या फाट्यावर सलीमभाईंच्या दोस्ताचा फळांचा गाडा होता. मी हात धुवायला गेले तेवढ्यात त्या भल्या माणसानं, "पुण्यापत्तोर खराब हुईल ना माल," म्हणून पेटी बर्फाच्या लादीवर नेऊन ठेवली होती आणि वरून गोणपाट झाकत होता. मी अशी किंचाळले की रस्त्यावरची एसटी थांबली. "अबे, म्याडमची चीज हाय ती, पपई न्हाई!" सलीमभाई त्याच्यावर ओरडत होते. नळ्या नुसत्या वरून गार झालेल्या. मी त्या ओढणीत गुंडाळून पोटाशी धरल्या आणि पुण्यापर्यंत तशाच धरून ठेवल्या. बिचाऱ्यानं माफी म्हणून पिशवीभर सीताफळं दिली, ती मी सोडली नाहीत.

पुणे

पेशी जगल्या. महिन्याभरात प्रयोगशाळेतल्या तबकडीत मावेनाशा झाल्या. हा परजीवी आत असला की पेशी म्हातारी होत नाही, थकत नाही, वाढतच राहते. सर आता त्या पेशी सगळ्यांना कौतुकानं दाखवतात. दाखवू देत.

मी गिरिजाला फोन केला. कालवड खात होती, उड्या मारत होती. आप्पांनी शब्द पाळला होता, गोठा चालू होता. मग मी पेशींचं सांगितलं.

ती एकदम म्हणाली, "म्हंजे चांदी जित्ती हाय?"

हो म्हणायचा फार मोह झाला. "नाही गं. चांदी गेली. तिच्या पेशी धरून बसलाय तो जिता आहे. तोच त्यांना मरू देत नाही."

पलीकडं कालवडीच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"मंग मारा त्येला," गिरिजा म्हणाली. "मला दावून मारा."

तेच औषध मी तबकडीत घातलं. असे लगेच मरत नाहीत ते, दिवस जावे लागतात. मी रोज तिला व्हिडिओ कॉल करून फोन सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला लावायचे आणि ती गोठ्यातून बघायची. पहिल्या दिवशी गच्च गर्दी. मग पेशी वाढायच्या थांबल्या. मग आक्रसल्या, फुटल्या, तबकडीत नुसता कचरा तरंगायला लागला. त्या दिवशी तिच्या खांद्यावरून आप्पाही डोकावत होते.

"मेला?" गिरिजानं विचारलं.

"मेला."

तिनं फोन डोळ्यांच्या आणखी जवळ आणला.

"तुमच्याकडं अजून हायेत का त्येच्या पेशी?"

"आहेत. बाटल्या भरून आहेत."

"मंग पुन्ना मारा."